इतिहास लिहिणाऱ्या दोघी

चुलीपुढं बसून ऐकत असाल तर हातातलं काम चालू ठेवा. आणि हे बोलणं अंकात छापून आल्यावर गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं वाचून दाखवत असेल, तर तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवा, कारण आज जरा लांबण लागणार आहे.

आज आम्ही इतिहासाबद्दल बोलणार आहोत. इतिहासाचं नाव काढलं की आपल्यातल्या निम्म्या जणी म्हणतात, तो पोरांचा विषय, परीक्षेपुरता. सनावळ्या पाठ करायच्या, लढाया पाठ करायच्या आणि पेपर झाला की विसरायचं. आम्हीही तसंच म्हणत होतो. मग एका पाटीवरून वाद झाला.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळातला. त्याच्या सांडव्यापाशी दगडात कोरलेली पाटी आहे. कामाला सुरुवात कुणाच्या हस्ते झाली, अध्यक्ष कोण होते, हे सगळं तिच्यावर आहे. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका संस्थेनं स्मरणिका काढली, तिच्यात या तलावावर चार पानं आहेत. जमीन कुणी दिली, मुंबईला जाऊन मंजुरी कुणी आणली, सत्कार कुणाचा झाला. एक जुना फोटोही आहे. पंधरा-वीस जणी डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून ओळीनं चालल्यात आणि खाली छापलंय, ‘दुष्काळी कामावरील मजूर’.

आमच्यातल्या एकीनं त्या फोटोत तिची सासू ओळखली. दुसरीनं आत्या ओळखली. मग आम्ही जाऊन विचारलं, बाबांनो, यांची नावं का टाकली नाहीत? उत्तर मिळालं की नावं कुठून आणायची, आणि शे-दीडशे बायांची नावं टाकायची तर पुस्तक केवढं होईल! दगडावरच्या पाटीत चार जणांना जागा होती, डोक्यावर पाटी वाहणारीला कुठंच नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पोटासाठी गेल्या होत्या कामाला. त्या म्हाताऱ्याही आम्हाला हेच म्हणाल्या, “आम्ही काय केलं बाई? पोटासाठी माती वाहिली.” पण जरा हिशेब करून बघा. त्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं अशा कामांवर होती आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. खडी फोडायची, माती उपसायची, सुकडी खाऊन दिवस काढायचा. मागेल त्याला काम द्यायची सरकारला जी सवय लागली ती याच कामांतून पक्की झाली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं केला. पुढं २००५ मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचाच दाखला समोर होता. म्हणजे राजस्थानातल्या, बिहारातल्या एखाद्या बाईला काम मागायचा हक्क मिळाला, त्याचा एक धागा आपल्याकडच्या खडीच्या ढिगापर्यंत येतो. ज्यांच्या घामातून देशाचा कायदा उगवला, त्या फोटोत ‘मजूर’ आहेत.

हा वाद डोक्यात घोळत असतानाच आमच्या रेडिओ केंद्रात एक जुनं पुस्तक हाती आलं. नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. लिहिणाऱ्या दोघी, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. साल १९८९. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत बायांनी काय केलं, याचा शोध त्यात आहे. त्या नावातल्या ‘ही’ या एका अक्षरावर आमची अर्धा तास चर्चा झाली. ‘आम्ही’ नाही, ‘आम्हीही’.

दोघींपैकी कुणी विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या नव्हत्या. उर्मिलाताई कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या विणून लेकरांना वाढवायची. बांबूच्या त्या वस्तूंना तिकडं आयदान म्हणतात, आणि २००३ मध्ये त्यांनी आपली जीवनकहाणी लिहिली तेव्हा तिला तेच नाव दिलं. नोकरी, संसार, कथालेखन आणि चळवळ असं सगळं एकाच वेळी ओढत त्यांनी मीनाक्षीताईंबरोबर हे काम केलं. सुट्टीचा दिवस हाच कामाचा दिवस, हे आपल्याला सांगायला नको.

आता, इतिहास लिहायचा तर काय लागतं? कागद लागतो. आपल्याकडं इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव फार आदरानं घेतात आणि ते योग्यच आहे. ग्रँट डफ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला होता. आपला इतिहास साहेबानं सांगायचा आणि आपण ऐकायचा, हे आपल्या विद्वानांना खुपलं. म्हणून राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडले, माळ्यावरची दप्तरं, जुनी पत्रं गोळा केली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं त्यांचे खंड काढले. आपण कोण आहोत हे आपणच लिहिलं पाहिजे, ही भावना त्यामागं होती. देशाची ओळख बनते ती अशी. झेंडा आणि गाणं नंतर येतं, आधी ‘आपण’ म्हणजे कोण आणि आपण काय काय केलं याची गोष्ट लागते.

पण बघा, दप्तर वाड्यात होतं. ज्याचा वाडा त्याचा कागद, आणि ज्याचा कागद त्याचा इतिहास. गावकुसाबाहेर माळा नव्हता आणि माळ्यावर पेटी नव्हती. राजवाड्यांसारखा कष्टाळू माणूसही तिथं गेला असता तर त्याला कागद मिळाला नसता. माणसं मिळाली असती. आणि त्या माणसांतही बाई असेल तर तिला लिहिता येत नव्हतं, म्हणजे तिचा इतिहास तिच्या अंगावर, तिच्या तोंडात, आणि ती गेली की तिच्याबरोबर सरणावर.

तरी बाईनं लिहायला सुरुवात केली होती, फार आधी केली होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळकरी पोरगी ती. पण तिनं काय लिहिलं होतं? आमच्या लोकांना जमिनीवरून हाकललं आणि तिथं वाडे उठवले, इमारतींच्या पायात आमची माणसं गाडली. म्हणजे ज्या वाड्यात दप्तर सापडतं, त्या वाड्याच्या पायात काय आहे तेही लिहा, असंच तिचं म्हणणं. राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या त्रेचाळीस वर्षं आधी. आम्हाला विचाराल तर मराठीतल्या इतिहासाच्या पुस्तकांत या निबंधाला पहिल्या धड्याचं स्थान हवं.

पुढं काशीबाई कानिटकरांनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. वारली आदिवासींच्या उठावाची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली, ते १९७० चं. आणि पवार-मून यांचं काम चालू होतं त्याच दशकात हैदराबादमध्ये स्त्री शक्ती संघटना नावाच्या गटातल्या बाया, निजामाच्या राज्यात तेलंगणाच्या लढ्यात उतरलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टेपरेकॉर्डरवर घेत फिरत होत्या. त्यांचं तेलुगू पुस्तक १९८६ मध्ये आलं. आपल्या मराठवाड्यातल्या मैत्रिणींना ठाऊक आहे, त्यांचे आजे-पणजेही त्याच निजामाच्या राज्यात होते. तिकडच्या बायांना आणि इकडच्या बायांना एकाच सुमाराला एकच गोष्ट सुचली, की म्हाताऱ्या जायच्या आत त्यांना विचारलं पाहिजे.

पवार आणि मून यांनी दोन्ही हातांनी काम केलं. एका हातानं चळवळीची जुनी वर्तमानपत्रं चाळली, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांसारखी. सभेच्या बातमीत कुठं एखाद्या बाईचं नाव दिसतं का, एखादा ठराव बाईनं मांडलाय का. दुसऱ्या हातानं त्या बायांचा पत्ता काढला, घरी गेल्या, समोर बसल्या आणि विचारलं. ज्या हयात नव्हत्या त्यांच्या घरच्यांना विचारलं. पुस्तकाच्या पहिल्या भागात चळवळीचा इतिहास आहे आणि दुसऱ्यात एकेका कार्यकर्तीची हकिगत, चाळीसच्या वर बायांची. काहींची हकिगत फार थोडक्यात संपते, वाचताना वाटतं अजून सांगा ना. पण ज्यांच्या मागं एकही ओळ उरली नव्हती त्यांच्यामागं आता दोन पानं आहेत.

त्यातलं काही तुम्हाला सांगतो.

महाडच्या चवदार तळ्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. मार्च १९२७ मध्ये पाणी घेतलं, डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृती जाळली. त्या डिसेंबरात आलेल्या बायांशी बाबासाहेब वेगळं बोलले. पोरांना शाळेत घाला, हे तर सांगितलंच. शिवाय म्हणाले, तुमच्या लुगड्याच्या नेसण्यावरून, जाडजूड गोटपाटल्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते टाका. नीट अंगभर नेसा, घोट्यापर्यंत. बाया तशा नेसून आल्या.

पुरुषाच्या इतिहासात ही गोष्ट आली असती का? आली असती तर एका वाक्यात. पण आपल्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. लुगडं गुडघ्याच्या किती खाली असावं हे गाव ठरवत होतं. पदर कसा घ्यायचा, कुठला दागिना घालायचा नाही, कुठल्या विहिरीपासून किती लांब उभं राहायचं. त्या बाया घोट्यापर्यंत नेसून आपापल्या गावी परत गेल्या असतील, एसटी नव्हती, पायी गेल्या असतील, आणि वेशीत शिरताना त्यांच्याकडं कुणी कसं बघितलं असेल, याचा विचार करा. ते पाऊल तळ्यावरच्या पावलापेक्षा हलकं नव्हतं.

मग नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. मंदिराच्या दारापुढं बायाही बसल्या. आता गंमत बघा. त्याच महिन्यात, दहाच दिवसांनी, १२ मार्चला गांधीजी मिठासाठी दांडीकडं निघाले. दांडीयात्रा आपल्या नातवंडांना पाठ असते, आणि असायलाच हवी. नाशिकच्या दारात बसलेल्या बायांचं काय? मीठ उचलणं हे स्वातंत्र्य असेल तर देवळाची पायरी चढणं हेही स्वातंत्र्यच ना? पण एकाला आपण ‘देशाचा लढा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘त्या समाजाचा लढा’. हा फरक घटनेत नाही, तो लिहिण्यात आहे.

जाईबाई चौधरी यांची गोष्ट आमच्या केंद्रात वाचली त्या दिवशी कुणी बोललं नाही. जाईबाई नागपूरच्या. डोक्यावर लोकांचं सामान घेऊन नागपूरहून कामठीपर्यंत हमाली करायच्या. एका मिशनरी बाईच्या मदतीनं शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुढं मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. नाव बघा, अखिल भारतीय. साऱ्या देशातल्या शिकल्यासवरल्या बाया आल्या, बायकांच्या हक्कांचे ठराव झाले. जाईबाईही गेल्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं.

झालं त्याचा निषेध करायला १ जानेवारी १९३८ ला नागपुरातल्या दलित बायांनी मोठी सभा घेतली. आपली संघटना आपणच उभी करायची, या विचाराला त्यानंतर जोर आला.

‘अखिल भारतीय’ या शब्दात भारत किती मावतो, ते त्या पंगतीत दिसलं. देशाच्या बायांच्या वतीनं बोलणाऱ्यांनाच आपल्या पंगतीत एक ताट जड झालं. त्या परिषदेनं बालविवाहाविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी पुष्कळ चांगलं काम केलं, ते नाकारायचं नाही. पण तिचा इतिहास तिच्याच कागदांवरून लिहिला असता तर हे ताट त्यात दिसलं नसतं. ते दिसलं, कारण दोघी जणी दुसऱ्या बाजूच्या बायांकडं विचारायला गेल्या.

आणि मग २० जुलै १९४२. नागपूरच. अखिल भारतीय दलित महिला परिषद. आता ‘अखिल भारतीय’ हा शब्द यांनी घेतला. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्याची नोंद आहे. त्या काळी, पावसाळ्यात, पेरणी-खुरपणीच्या दिवसांत, पोरं कडेवर घेऊन. ठराव काय झाले ऐका. एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी हवी. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा. गिरणीत आणि विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायांना रजा आणि नीट सवलती हव्यात. मुलींसाठी वसतिगृहं हवीत. बाबासाहेब त्या बायांना म्हणाले की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याशी बरोबरीनं, मैत्रिणीसारखं वागावं, दासीसारखं नाही.

या परिषदेनंतर एकोणीस दिवसांनी, ८ ऑगस्टला, मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला. ९ ऑगस्ट क्रांतिदिन म्हणून आपण पाळतो, शाळेत भाषणं होतात. २० जुलै कुठल्याही कॅलेंडरात आम्हाला सापडली नाही. आम्ही नऊ ऑगस्ट खोडा असं म्हणत नाही. आमच्या मागण्या एवढ्याच की वही मोठी करा.

कारण पुढं काय झालं तेही बघा. देश स्वतंत्र झाला, बाबासाहेब कायदामंत्री झाले, त्यांनी हिंदू कोड बिल आणलं. ते रखडलं, १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा दिलेल्या कारणांत हे बिल होतं. शेवटी तुकडे करून कायदे झाले. १९५५ च्या विवाह कायद्यानं दुसरी बायको करायला बंदी आली आणि घटस्फोटाची वाट मिळाली. १९५६ च्या वारसा कायद्यानं बाईला मालमत्तेत वाटा मिळू लागला, आणि लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देशभर २००५ मध्ये आला. म्हणजे कुठल्याही जातीची असो, आज आपल्या गटातली जी बाई तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून भांडते, किंवा नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून पोलिसांत जाते, तिच्या पाठीशी त्या नागपूरच्या चिखलात उभ्या राहिलेल्या बायांची मागणी आहे. तेरा वर्षं आधी त्यांनी ती मागितली होती, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

हे सगळं आम्ही आमच्या महासंघाच्या बैठकीत सांगितलं. अकरा गटांच्या बाया होत्या. ऐकून एक जण म्हणाली, चांगलं आहे, पण हे त्यांचं पुस्तक, त्यांचा इतिहास. दोन-तीन जणींनी माना हलवल्या.

आम्ही गप्प बसलो, कारण आमच्याकडंही लपवण्यासारखं काही होतं. अकरा गटांपैकी एक गट बौद्ध वस्तीतला आहे. महिन्याची बैठक आळीपाळीनं घ्यायची असा नियम आमच्याच वहीत लिहिलेला आहे. देवळाच्या सभामंडपात झाली, शाळेत झाली, वरच्या आळीला झाली, मळ्यात झाली. चार वर्षांत वस्तीत एकदाही झाली नाही. मुद्दाम कुणी ठरवलं नव्हतं. दर वेळी काहीतरी निघायचं, जागा लहान आहे, लांब पडतं, पावसाचं दिसतंय. नागपूरच्या त्या परिषदेला आम्ही नावं ठेवत होतो, आणि आमच्या वहीत तेच पान होतं.

वस्तीतल्या गटाची अध्यक्ष तिथं बसली होती. ती एवढंच म्हणाली, “तलावाच्या फोटोत पुढून तिसरी माझी आजेसासू आहे. अजून आहे ती. तिला ऐकू कमी येतं, पण आठवतं सगळं. विचारायचं तर लवकर चला.”

लवकर चला, हे तिचं म्हणणं आम्हाला लागलं. कारण तोवर आमच्या हातून एक म्हातारी गेली होती. फोटोत सासू ओळखणारी जी मैत्रीण सांगितली, तिच्या सासूबाईंचा आवाज घ्यायचा म्हणून आम्ही सुगीनंतर, दिवाळीनंतर, लग्नसराईनंतर असं करत राहिलो. वैशाखात त्या गेल्या. त्यांना मस्टरवरचा अंगठा, मुकादमाचं नाव, बांधावर बाळंत झालेली बाई, सगळं माहीत होतं असं सून सांगते. सून सांगते तेवढंच आता आहे.

तेव्हापासून आम्ही थोडं काम शिकलो. म्हातारीला साल विचारू नका, थोरला केवढा होता ते विचारा. “तेव्हा मधवा अंगावर पीत होता” म्हणाली की शाळेच्या दाखल्यावरून साल निघतं. घरातला बाप्या शेजारी बसला तर तोच उत्तरं देतो, म्हणून त्याला काहीतरी आणायला पाठवा, आणि लांबच्या दुकानात पाठवा. मोबाईल पदरावर ठेवू नका, खरखर येते, उशीवर ठेवा. आणि एकीनं सांगितलेलं दुसरीकडून पडताळा. एकीनं सांगितलं मजुरी धान्यात मिळायची, दुसरी म्हणाली रोख. मग कळलं, वर्षं वेगळी होती. पवार आणि मून यांनी म्हातारीची आठवण आणि वर्तमानपत्राची बातमी शेजारी शेजारी ठेवली, तशी आम्ही आठवण आणि हजेरीपट शेजारी ठेवायला निघालो आहोत. तालुक्याच्या एका कार्यालयात जुने हजेरीपट मागितले आहेत. अर्जाची पोच मिळाली आहे, पट अजून नाही.

वस्तीतली बैठक गेल्या महिन्यात झाली. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या. अकरा गटांपैकी नऊ गटांच्या बाया आल्या. चहा झाला. तिघींनी घेतला नाही, आज उपवास आहे म्हणाल्या. मंगळवार होता, त्यामुळं असेलही. बाकीच्यांनी घेतला, दोघींनी दुसऱ्यांदा मागितला. ‘त्यांचं पुस्तक’ म्हणणारी आली होती आणि तिनं चहा घेतला, हे नोंदवून ठेवतो.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोटो हातात दिल्यावर त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवत ठेवत एकेक नाव सांगायला लागल्या. सोळा जणींपैकी अकरा नावं त्यांनी सांगितली, कोण कुणाची सून आणि कुठल्या आळीची तेही. त्यांत सगळ्या जातींच्या बाया आहेत. माती सगळ्यांनी मिळून वाहिली, पाणी प्यायचे माठ मात्र दोन होते, हेही त्यांनीच सांगितलं, आणि कोणता माठ कुठं असायचा ते हात करून दाखवलं. राहिलेल्या पाच जणींची नावं आपल्याला शोधायची आहेत.

आजींचं नाव आम्ही मुद्दामच इथं घेतलेलं नाही. ते त्या स्वतःच्या तोंडानं सांगणार आहेत, येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, याच केंद्रावरून. ज्यांच्या घरी फोटोतल्या कुणी असतील, त्यांनी त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रेडिओजवळ बसवा. आणि राहिलेल्या पाचांपैकी एखादी ओळखू आली तर लगेच केंद्रात कळवा, रात्र झाली असली तरी चालेल.